आखाजीचं अर्धं भांडण

आक्का,

तुमच्या पिंडाला कावळा पहिल्या झटक्यात शिवला. गुरुजींनी पान ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच आला आणि भात उचलून गेलासुद्धा. नदीवर जमलेली माणसं म्हणाली, बाई समाधानी गेली, कशात म्हणून जीव अडकला नव्हता. तुमच्या जाऊबाईंनी तर डोळे मिटून हात जोडले. मी मागे बायकांच्यात उभी राहून चरफडत होते. समाधानी? माझ्याशी एवढं मोठं भांडण अर्धवट टाकून? निदान तेवढ्यासाठी तरी त्या कावळ्याला घटकाभर ताटकळत ठेवायचं होतंत.

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा ह्यांनी मला एकच सूचना दिली होती. "आक्का आम्हा भावंडांत थोरली आहे. तिच्या जिभेला हाड नाही. पण ऐकून घेतलंस तर जीव लावते." मी साताऱ्याकडची. आमच्याकडे ऐकून घ्यायची फारशी पद्धत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीतच आपलं वाजलं, बहुतेक वांग्याच्या भाजीत मी गूळ घातला म्हणून. तुम्ही घास तोंडात धरून ह्यांना विचारलंत, "ही भाजी हाय का मुरंबा?" आणि मग तीच भाजी दोनदा वाढून घेतलीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाई गेल्या त्या वर्षीचं आठवतं? दिवसकार्य उरकून तुम्ही सटाण्याला परत निघाला होतात. दारात चपला चढवताना तुम्ही कुणाला उद्देशून नाही, अशाच म्हणालात, "चला, माहेर संपलं." माझ्या तोंडून निघून गेलं, "असं कसं आक्का, मी आहे ना." बोलायची पद्धत म्हणून बोलले हो मी. तेव्हा मला चोवीस माणसांचा स्वयंपाक करून फक्त पाठ टेकायची होती. तुम्ही वळून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "बघू."

आणि अक्षय्य तृतीयेला तुम्ही बघायला आलात. लेकीचं, शीतलचं बोट धरून, आंब्यांची पेटी रिक्षावाल्याच्या डोक्यावर देऊन. तुमच्या भागात त्या सणाला आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी सासरी गेलेली लेक माहेरी येते, झोके घेते, आमरस-पुरणपोळी खाते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे तो सोनं घ्यायचा नाहीतर घराचा पाया घालायचा दिवस. तुम्ही दारात उभ्या आणि मी कपडे भिजवून बसलेली. तुम्ही पदर खोचलात, डाळ शिजत टाकलीत आणि मला म्हणालात, "पुढच्या साली तू करायचं." पुढच्या साली मी केलं. त्याच्या पुढच्याही.

मग मे महिना म्हणजे तुम्ही, हे ठरूनच गेलं. मुंबईहून भाऊजींची पोरंही यायची. हॉलमध्ये गाद्या, गॅलरीत कुरडया, बाथरूमच्या दाराशी रांग. आणि त्या सगळ्यात माझा तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काच असलेला. महिला मंडळाच्या वर्गात मी केक शिकले होते आणि कॉलनीतल्या वाढदिवसांच्या ऑर्डरी नुकत्या सुरू झाल्या होत्या. तुम्ही त्या ओव्हनकडे शत्रू बघावा तसं बघायचात. "शिजतंय ते उघडून बघायचं नाय, हलवायचं नाय, चाखायचं नाय. मग बाईनं करायचं काय?" आणि मी जरा पाठ फिरवली की झाकण उघडायचात. किती केक बसवलेत माझे! विचारलं की म्हणायचात, "त्याचाच दम निघाला, मी काय केलं?"

पण एक आहे. आमच्या घरी ओव्हन आणि कूलर एकदम लावला की फ्यूज उडायचा. मे महिन्याची दुपार, हॉलमध्ये दहा पोरं घामानं चिंब, आणि मी ओव्हनचं बटण हातात धरून अपराध्यासारखी उभी. तेव्हा कूलर बंद कोण करायचं? तुम्ही. पोरं बोंबलायला लागली की ओला टॉवेल एकेकाच्या अंगावर फेकायचात आणि सांगायचात, "गप पडा. मामीचा केक बसला तर कुणालाच मिळायचा नाय." तो केक गिऱ्हाईकाचा असायचा, पोरांना त्यातला कण मिळणार नसायचा. पण पोरं गप पडायची.

आणि सापुताऱ्याची ती सहल. सगळ्यांनी जीप करून जायचं ठरलं आणि नेमकी त्याच दिवसाची ऑर्डर मी घेऊन बसलेली, वणीच्या एका डॉक्टरांच्या नातवाचा पहिला वाढदिवस, आगगाडीच्या आकाराचा केक. हे वैतागले. "नाही सांगून टाक. सुट्टी म्हणजे सुट्टी." मी फोन उचलणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाय कशाला सांगायचं? वणी वाटेवरच तर हाय." झालं. ती आगगाडी दिंडोरीवरून वणीपर्यंत तुमच्या मांडीवर बसून गेली. ऊन असं की लोण्याचं आयसिंग घाम फुटल्यासारखं गळायला लागलं. तुम्ही ड्रायव्हरला खड्ड्या-खड्ड्याला शिव्या घालत होतात आणि इंजिनाचं धुराडं दोन बोटांनी धरून ठेवलं होतंत. वणीत पोचलो तेव्हा गाडी चांगलीच एका बाजूला कललेली. माझं तर रडूच यायला लागलं. डॉक्टरीणबाई केकाकडे बघतायत, मी जमिनीकडे बघतेय, आणि तुम्ही काय म्हणालात! "वळणावरची गाडी हाय ती बाई. वळणावर गाडी सरळ कशी राहील?" डॉक्टरीणबाई हसायला लागल्या आणि बाळानं सरळ धुराड्यातच हात घातला.

तिथून आपण गडावर गेलो. देवीसमोर तुम्ही डोळे मिटून उभ्या होतात आणि तुमच्या नव्या साडीच्या मांडीवर गुलाबी आयसिंगचा हा एवढा डाग. त्या साडीचा वास तुम्ही पुढं कैक दिवस सगळ्यांना देत होतात. "हुंगून बघ, रेखाचा केक." मला वाटायचं तुम्ही मला टोमणे मारताय. मारतही होतात म्हणा. पण साडी कुठं धुवायला टाकलीत?

कॅफेचं म्हणाल तर तो माझ्या डोक्यात किती वर्षं होता ते फक्त ह्यांना ठाऊक. आमचा मयूर कॉलेजात गेला, घरातला ओव्हन पुरेना, आणि कॉलेजच्या जवळ एक छोटा गाळा मिळाला. चार टेबलं, भट्टीचा मोठा ओव्हन, कॉफीचं मशीन. मी रंगसुद्धा स्वतः निवडला. पंचेचाळिशीच्या घरात आलेल्या बाईला स्वतःच्या नावाची पाटी दिसली की काय होतं, ते मला तुम्हाला सांगायचं होतं. पण तुम्ही फोनवर पहिल्यांदा विचारलंत, "हाटेल काढलं म्हणे?" तिथंच माझं डोकं फिरलं. "हाटेल नाही आक्का, कॅफे." "तेच ते," तुम्ही म्हणालात, "चहाच देणार ना लोकांना?"

मुहूर्त मी अक्षय्य तृतीयेचा धरला. साडेतीन मुहूर्तातला, कुणाला विचारायला नको, पंचांग उघडायला नको. पत्रिका छापल्या, तुम्हालाही एक पोस्टानं टाकली. त्यावर कॅफेचा पत्ता होता, मी गृहीत धरलं की तुम्ही तिथंच याल. इतकी वर्षं आखाजीच्या पुरणपोळ्या लाटल्या मी तुमच्यासाठी, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या साताऱ्याच्या डोक्यात तो दिवस मुहूर्ताचाच राहिला होता.

त्या दिवशी आम्ही घराला कुलूप घालून सकाळीच कॅफेवर गेलो. फीत कापली, नारळ फोडला, लोक टेबलांवर बसले, आणि वीज गेली. लोडशेडिंगची ती वर्षं. त्या दिवशी जाणार नाही असं सगळ्यांनी छातीठोक सांगितलं होतं. ओव्हन थंड, मशीन थंड, आत केकचं पीठ तसंच, आणि मी हसरा चेहरा करून प्रत्येकाला "पाच मिनिटं हं" म्हणतेय. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. तुम्ही उतरलात. चेहरा असा की ह्यांनी पुढं होऊन पेटी घेतली तरी तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाहीत. सरळ आत गेलात, हात धुतलेत, आणि माझ्या कोऱ्या करकरीत स्टीलच्या टेबलावर आंबे पिळायला बसलात. माझ्या कॅफेत लोकांनी पहिली चव घेतली ती कॉफीच्या कपातून आमरसाची. अजून एक आजोबा येतात, ते मेनूकार्डाकडे बघतसुद्धा नाहीत. "तो रस नाही का हो आता?" असं विचारतात.

पाहुणे बाहेर कप चाटत होते आणि आत आपलं जुंपलं. तुम्ही हात पुसत म्हणालात, "मी सरळ घरी गेले रेखा. आखाजीला लेक माहेरी जाते, हाटेलात नाय जात. आन् दाराला कुलूप. शेजारीण म्हणते, त्या दुकानावर गेल्या. जिन्यात बसले मी पेटी घेऊन. वाटलं, कुणीतरी येईल न्यायला."

मी म्हटलं, "पत्रिका मिळाली ना तुम्हाला?"

"माय वं! पत्रिका गिऱ्हाईकाला असते. मला पत्रिका? आई असती तर दाराला कुलूप लागलं असतं का गं?"

चूक माझी होती हे मला दिसत होतं. पण उद्घाटनाच्या दिवशी, वीज गेलेली, पीठ फुकट चाललेलं, माझाही तोल गेला. मी म्हटलं, "सासूबाई बारा महिने घरात असायच्या, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. मला आता आहे."

तुम्ही हातातलं फडकं घडी करून ठेवलंत. मग म्हणालात, "तुला जागा झाली. माझी गेली."

मी काहीतरी बोलणार होते. खरंच बोलणार होते. तेवढ्यात दिवे आले, मशीन घरघरायला लागलं, बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि मी पुढं धावले. ते भांडण तिथंच राहिलं, आक्का. पुढं आपण त्याच्या अवतीभवती खूप भांडलो, पण त्या वाक्यापाशी दोघीही परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी घराची जास्तीची चावी तुमच्या पुढं ठेवली. मला वाटलं, किती शहाणपणाचं केलं मी. तुम्ही ती चावी बोटानं परत सरकवलीत. "माहेराला चावी नाय लागत. माणूस लागतं." मी म्हटलं, "माणूस कॅफेत आहे, तिथं या." तर म्हणालात, "तिथं तू गिऱ्हाईकाची असतेस."

पण आलात. दर आखाजीला आलात, शीतल सासरी गेल्यावर तिच्यासाठी संध्याकाळी परत जायचं असूनही, आणि सरळ कॅफेतच आलात, मला टोचायला. कोपऱ्यातल्या टेबलावर मेथीची जुडी सोडून बसायचात. मी दहादा सांगितलं, आक्का, कॅफेत मेथी निवडत नाहीत. तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या मुलींना सांगायचात, "हे माझं माहेर. इथं खाल्लं की बिल देतात." त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघायच्या. एका कॉफीवर तासन् तास बसणाऱ्या जोडप्यांना तर तुम्ही सरळ विचारायचात, "घरी सांगितलंय का?" माझी दोन गिऱ्हाइकं तुटली असतील तुमच्यापायी. आणि त्यातल्याच एका जोडप्यानं लग्नाचा केक माझ्याकडे सांगताना विचारलं, "त्या आजी येतील ना?"

एका मे महिन्यात तुम्ही हट्टच धरलात की सगळ्यांनी कोकणात जायचं आणि मी चार दिवस कॅफे बंद ठेवायचा. मी नाही ठेवला. हे गेले, पोरं गेली, तुम्ही गेलात, फुरंगटून. परत आल्यावर फोटो बघितले तर समुद्रावरच्या फोटोत तुमच्या आणि ह्यांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी. मी विचारलं तर हे म्हणाले, "आक्कानं उभं केलं सगळ्यांना. म्हणाली, इथं रेखा." मी तुम्हाला फोन करून ओरडले, "मी काय मेलेय का, जागा सोडायला?" तुम्ही तिकडून म्हणालात, "मेली असतीस तर फोटो लावला असता." आणि दोघीही इतक्या हसलो की दाजींनी तुमच्या हातातून फोन काढून घेतला. तो फोटो मी कॅफेच्या भिंतीवर लावलाय हे तुम्ही बघितलं होतंत. कधी त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. तुम्ही न बोललेल्या गोष्टी इतक्या थोड्या आहेत की त्या मला सगळ्या लक्षात आहेत.

आणखी एक सांगू? मागच्या हिवाळ्यात एसटीच्या कंडक्टरबरोबर तुम्ही डबा पाठवलात. आत केक. चुलीवर, पातेल्यात वाळू घालून भाजलेला. खालून कोळसा, मधून कच्चा. तुम्ही फोनवर म्हणालात, "कसा शे?" इतकी वर्षं सटाण्यात काढल्यावर लाजलात की तुम्ही अहिराणीत शिरायचात. मी म्हटलं, "खालून करपलाय." "खरपूस म्हण," तुम्ही म्हणालात. मी सगळा खाल्ला, आक्का. ह्यांनासुद्धा दिला नाही. एवढं मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं.

दाजींचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. ऐन गर्दीची वेळ. ते म्हणाले, "आक्का गेली. बसल्या बसल्याच." मी ॲप्रन काढलासुद्धा नाही. कुणाचं सँडविच अर्धं, कुणाची कॉफी मशीनखाली, गल्ला उघडा, तसंच सोडून गाडीत जाऊन बसले. मागून रोज येणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी आवरलं म्हणे सगळं, शटरही त्यांनीच ओढलं. गाडी देवळ्याला पोचली तेव्हा मला आठवलं की शेवटची साडी माहेराहून यावी लागते. गाडी थांबवली आणि पहिलं दिसलं त्या दुकानात शिरले. सवाष्ण गेलात, म्हणून हिरवी. दुकानदारानं माझ्या ॲप्रनकडे बघितलं आणि किंमत न सांगताच साडी बांधून दिली. तुमच्या अंगणात कुणीतरी म्हातारीनं विचारलं, "माहेरचं कोण आलं का?" मी पिशवी पुढं केली. म्हटलं, "आलंय."

आता तेराव्याचंच ऐका. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. तुमची शीतल मागच्या अंगणात भांडी घासत होती. सिन्नरला दिल्यापासून पोर बरीच वाळलीय, पण बोलते तुमच्यासारखीच, बघत दुसरीकडे. दाजी ओसरीवर एकटेच बसलेले. चूल विझलेली. ती म्हणाली, "मामी, आखाजी आली गं जवळ. ह्या साली मी कुठं जायचं?"

मी म्हटलं, "माझ्याकडे. घरी ये. मी घरीच आहे."

"आणि कॅफे?"

"बंद ठेवणार."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या गळ्यात पडली, राखेनं भरलेल्या हातांनी.

तिला थोपटताना माझ्या लक्षात आलं मी काय बोलून बसले ते. इतकी वर्षं तुम्ही हेच तर मागत होतात. एक दिवस, दार उघडं, आत मी. आणि दर वेळी माझं काही ना काही असायचं. कॅफेचा वाढदिवस आहे, ऑर्डरी आहेत, आता बंद ठेवला तर लोक काय म्हणतील. एक ना दोन. आणि तुमच्या पोरीला मात्र एका शब्दात देऊन टाकलं, विचारसुद्धा न करता.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. "हां! भाचीला दार उघडं, आन् नणंदेला कुलूप!" बरोबर ना? म्हणा ना, आक्का. अख्ख्या सटाण्याला ऐकू जाईल असं म्हणा. ह्या वेळी बाहेरून कुणीही हाक मारली तरी मी जागची हलणार नाही.